पाकिटावरील इतिहास : बऱ्हाणपूर आणि तिकीटसंग्रहाचा छंद

टपालाचे तिकीट ही मूलतः टपालखर्च भरल्याची पावती होय. भारतात चिकटवावयाचे पहिले तिकीट १८५२ साली सिंध प्रांतात निघाले व १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या देशासाठी तिकिटे प्रचारात आली. घटनेच्या स्मरणार्थ तिकिटे काढण्याची प्रथा आपल्याकडे १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनप्रसंगी सुरू झाली. स्वतंत्र भारताचे पहिले, तिरंगी ध्वजाचे साडेतीन आण्यांचे तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी प्रसृत झाले.

नव्या तिकिटाबरोबर टपाल खाते ‘प्रथम दिवस आवरण’ काढते. हे एक सचित्र पाकीट असून त्यावर नवे तिकीट लावून प्रकाशनाच्या दिवशीचा खास शिक्का उमटवलेला असतो. ‘विशेष आवरण’ याहून निराळे. एखादे स्थळ, संस्था किंवा समारंभ यांच्या गौरवार्थ ते निघते. त्यावरील तिकीट पूर्वीचेच असते. नवे असते ते पाकिटावरील चित्र आणि शिक्का. म्हणूनच अशा पाकिटाचे तिकीट कापून घेतल्यास त्याचे निम्मे मोल नाहीसे होते.

हाच नियम घरातील साध्या पत्रांना अधिकच लागू पडतो. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांच्या जुन्या पेट्यांतून अशी पत्रे निघतात आणि बहुधा रद्दीत जातात. वस्तुतः त्यांच्यावर गावाचा इतिहास तारीखवार नोंदलेला असतो. पत्त्यात ‘जिल्हा निमाड, मध्य प्रांत’ असल्यास पत्र १९५० पूर्वीच्या काळातील समजावे. ‘पूर्व निमाड’ हे नाव १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर रूढ झाले. तिकिटाची किंमत आण्यांत असेल, तर ते १ एप्रिल १९५७ पूर्वी निघालेले. नव्या पैशांतील तिकिटे त्या दिवसापासून आली. पत्त्यात ४५०३३१ हा पिन क्रमांक आढळल्यास पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, आणि ‘जिल्हा बऱ्हाणपूर’ असल्यास २००३ मध्ये नवा जिल्हा झाल्यानंतरचे होय. मात्र लोक जुने पत्ते बरीच वर्षे वापरीत राहतात. यास्तव एकाच खुणेवर विसंबू नये, शिक्क्यावरील तारखेशी ती ताडून पाहावी.

विषयवार संग्रह करणाऱ्यासही येथे वाव आहे. १९३५ च्या रौप्यमहोत्सवी मालेतील अडीच आण्यांच्या आणि १९४९ च्या मालेतील पाच रुपयांच्या तिकिटावर ताजमहाल आहे. ज्या मुमताज महलसाठी तो उभारला गेला, तिचे निधन १६३१ मध्ये बऱ्हाणपुरातच झाले व तिचे प्रथम दफनही येथेच झाले. तिकीट हे सांगत नाही. संग्राहकाने शेजारी लिहिलेली चार ओळींची टीप ते सांगते. अशा टिपांमुळेच संग्रहास अभ्यासाचे रूप येते.

जतनाचे नियम सोपे आहेत. पाकीट अखंड ठेवावे व आतील पत्र त्यापासून वेगळे करू नये. चिकटपट्टी लावू नये. गंजणाऱ्या टाचण्या काढून टाकाव्यात. ऊन व पावसाळी दमट हवा यांपासून संग्रह दूर ठेवावा. सुटी तिकिटे बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावीत. प्रत्येक पाकीट कोठून मिळाले, याची नोंद पाकिटावर न करता स्वतंत्र वहीत करावी.

विद्यार्थ्यांना या छंदाची गोडी लागावी म्हणून टपाल खात्याने २०१७ मध्ये ‘दीनदयाळ स्पर्श’ शिष्यवृत्ती सुरू केली. इयत्ता सहावी ते नववीच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी ती वर्षाला ६,००० रुपयांची ठेवण्यात आली. परंतु आरंभास पैशाची वा दुर्मिळ तिकिटांची गरज नाही. हस्तलिखित पत्रे आता क्वचितच येतात. जी घरात उरली आहेत, ती पुन्हा लिहिली जाणार नाहीत. शाळेने आपल्या विद्यार्थ्यांकडून घरोघरची अशी पाकिटे पाहून त्यांची यादी करविली, तरी गावाच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन सुरक्षित राहील.