उणे वीसमधली संक्रांत

कॅनडात, ऑटावाला आलो तो पहिला डिसेंबर मी खिडकीशी बसून काढला. दुपारी साडेचारच्या आतच दिवेलागण! नाताळच्या सुट्टीत सगळं शहर रोषणाईने सजलेलं, आणि गावाकडे महिला मंडळासाठी दिवसभर पायपीट करणारी मी दोन-दोन दिवस घराबाहेर पडत नव्हते. आईला फोनवर मात्र, ‘मजेत आहे गं!’

एक दिवस शेजारच्या आजींनीच दार वाजवलं. माझा जाडजूड स्वेटर पाहून म्हणाल्या, ‘‘एक जाड नको, तीन पातळ घाल. आणि अंगालगत सुती अजिबात नको.’’ सुती कपडा घाम धरून ठेवतो, मग हुडहुडी भरते. आपलं तर सगळं कपाट सुतीच की हो!

संक्रांतीला त्या मला रिडो कालव्यावर घेऊन गेल्या. गोठला की हा कालवा म्हणजे शहरातून जाणारा ७.८ किलोमीटरचा रस्ताच. कुणी पाठीला बॅग लावून स्केटिंग करत कामाला निघालेलं, कुणी बाळाला घसरगाडीत बसवून ओढत होतं. मी तीनदा आपटले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर हसले. दालचिनी-साखर भुरभुरलेली, तळलेली बीव्हरटेल खाल्ली. (साटोरीची सर नाही, पण उणे वीसमध्ये गरम ते गोड!) माझ्या पर्समधला तिळाचा लाडू दगड झाला होता. आजींनी तो चघळत चघळत संपवला.

२०२२-२३च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा धरलाच नाही. १९७१मध्ये तिथे स्केटिंग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच कालवा एक दिवसही उघडला नाही. आजी नुसत्या खिडकीशी बसून असायच्या. त्या संक्रांतीला दार मी वाजवलं, हातात तिळगुळाचा डबा घेऊन.