विश्लेषण : चंदेरी सॅल्मन नदीत शिरल्यावर लाल आणि कुबडा का होतो?

समुद्रात चंदेरी, सडपातळ दिसणारा नर सॅल्मन विणीसाठी नदीत परततो तेव्हा ओळखू येत नाही. अंग लालभडक, डोके हिरवे, पाठीवर कुबड, जबडा आकड्यासारखा वाकलेला आणि दात बाहेर आलेले. हा कायापालट काही आठवड्यांत, तोही उपाशीपोटी होतो. तो कसा घडतो आणि त्याची किंमत काय, हे समजून घेऊ.

हा मासा कोणता?

उत्तर पॅसिफिकमधील ‘सॉकाय’ या सॅल्मनमध्ये हा बदल फार ठळक दिसतो. नदी-तलावात जन्मलेला सॉकाय दोन-तीन वर्षे समुद्रात वाढतो आणि वासाच्या आधारे जन्माच्या ओढ्याकडे परततो. अलास्कातील ब्रिस्टल बे परिसरात २०२२ मध्ये सात कोटींहून अधिक सॉकाय परतले. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात. मात्र तो वेगळ्याच कुळातला मासा आहे.

लाल रंग येतो कुठून?

सॉकाय समुद्रात कोळंबीसारखे बारीक जीव खातो. त्यांच्यातील अस्टाझॅन्थिन हे रंगद्रव्य त्याच्या मांसात साठते. विणीची वेळ आली की तेच रंगद्रव्य कातडीत उतरते. कातडी लाल होते, मांस मात्र फिके पडते.

कुबड आणि वाकडा जबडा कशासाठी?

वाढलेल्या लैंगिक संप्रेरकांमुळे नराच्या शरीराची ठेवण बदलते. वाकडा जबडा आणि मोठे दात प्रतिस्पर्ध्याला चावून हुसकावण्यासाठी उपयोगी पडतात. कुबडामुळे तो बाजूने मोठा दिसतो आणि मादीजवळची जागा राखणे सोपे जाते. मादीही लाल होते, पण तिच्यात कुबड आणि आकडा नावापुरतेच असतात.

मोठे कुबड नेहमी फायद्याचे असते का?

नाही. उथळ ओढ्यात कुबड पाण्याबाहेर येते. असा नर अस्वलांच्या तावडीत सापडतो किंवा काठावर अडकून मरतो. म्हणूनच अलास्कात उथळ ओढ्यांतील नरांचे कुबड तलावाच्या काठाशी विणणाऱ्या नरांपेक्षा लहान असते. काही नर तर वर्षभर आधीच, लहान असतानाच परततात. मोठ्या नरांशी झुंजण्याऐवजी ते ऐन वेळी हळूच मादीजवळ शिरतात.

एवढी ऊर्जा येते कुठून?

गोड्या पाण्यात शिरताना सॉकाय खाणे सोडतो. पचनसंस्था आक्रसते. प्रवाहाविरुद्ध पोहणे, शरीर बदलणे, झुंजणे हे सारे समुद्रात साठवलेल्या चरबीवर आणि पुढे स्वतःच्या स्नायूंवर चालते. कॉर्टिसोल वाढते, प्रतिकारशक्ती ढासळते, अंगावर बुरशी चढते. विणीनंतर काही दिवसांत नर आणि मादी दोघेही मरतात. अटलांटिक सॅल्मनमधील काही मासे मात्र जगतात आणि समुद्रात परततात.

आता चिंता कशाची?

ही शिदोरी मोजकीच असते, वाटेत ती भरून निघत नाही. पाणी तापले की शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि रोग बळावतात. अमेरिकेतील कोलंबिया नदीचे पाणी २०१५ च्या उन्हाळ्यात इतके तापले, की सुमारे अडीच लाख सॉकाय विणीआधीच मेले. कॅनडातील फ्रेझर नदीत दरड कोसळून वाट अडल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. तेथे अडकलेल्या माशांची ताकद प्रवाहाशी झगडण्यातच संपू लागली. त्यांना पुढे नेण्यासाठी हेलिकॉप्टर वापरावे लागले.

नुकसान फक्त माशांचे आहे का?

विणीनंतर मेलेले सॅल्मन अस्वले, पक्षी आणि पाण्यातले किडे खातात. अस्वलांनी रानात ओढून नेलेल्या माशांतून समुद्रातला नत्र काठच्या झाडांपर्यंत पोहोचतो. एरवी सॅल्मनचा मृत्यू हा या साखळीचाच भाग असतो. पण मासा वाटेतच मेला, तर त्याची पुढची पिढी जन्मत नाही आणि वरच्या ओढ्यांना समुद्राकडून मिळणारे हे खतही बंद होते.