खताचा डबा आणि घरची जयणा

फाल्गुन-चैत्रात ओझर परिसरातील द्राक्षबागा रिकाम्या होऊ लागल्या की घरोघरी द्राक्षांची रेलचेल होते. घडातून निखळलेले, फुटलेले, मऊ पडलेले मणी वेगळे निघतात आणि ज्या घरात ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा डबा आहे, तेथे ते सहजच त्या डब्यात जातात. आठ-दहा दिवसांनी झाकण उघडावे, तर चिलटांचा लोट तोंडावर येतो. पुढे आषाढात तोच डबा उघडला की आत अळ्या वळवळताना दिसतात. जेथे पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, भाजी निवडताना अळी सापडली तर ती पानासकट झाडाखाली ठेवून येतात, त्या घरात हे दृश्य केवळ किळसवाणे नसते. ते मनाला बोचते. सून म्हणते, बागेला घरचे खत मिळते आहे. सासूबाई म्हणतात, "आधी जीव उत्पन्न करायचे आणि मग फिनेल ओतून मारायचे, हा कोणता धर्म?"

प्रश्न बिनतोड आहे. मात्र डबाच बंद करावा, हे त्याचे उत्तर नव्हे. घरात न कुजलेला कचरा गावाबाहेर कुजतो. तेथे तो प्लास्टिकच्या पिशवीत हवेवाचून सडतो, त्यातून मिथेन वायू निघतो, त्या ढिगावर माश्या वाढतात आणि भुकेली गाय पिशवीसकट तो गिळते. हिंसेची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग झाली, एवढेच. ती माफ झाली नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले होते. तेव्हा ओल्या कचऱ्याचा विचार प्रत्येक गृहिणीला करावाच लागतो.

पाच समितींपैकी पाचवी, परिष्ठापनिका किंवा उत्सर्ग समिती, ही नेमकी टाकाऊ वस्तूंच्या विसर्जनाविषयीच आहे. टाकायचे ते जागा पाहून, जीवजंतू नाहीत याची खात्री करून टाकावे, हा तिचा आशय. ती साधू-साध्वींसाठी सांगितलेली असली तरी श्रावकाच्या स्वयंपाकघरालाही तिच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. श्रावकाकडून आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही. संकल्पी हिंसा मात्र त्याने टाळायचीच असते. खत होणे हे मुळात सूक्ष्म जीवांचेच कार्य आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना तेवढाही आरंभ नको असेल त्यांनी स्वच्छ, ताजी साले त्याच दिवशी जवळच्या गोशाळेत पोहोचवावीत. परंतु ज्यांना डबा ठेवायचा आहे, त्यांच्यासमोर खरा प्रश्न कीड कशी मारावी हा नसून ती उत्पन्नच कशी होऊ नये, हा आहे.

आणि याचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीपासून ठाऊक आहे. ओल तेथे जीवोत्पत्ती, हे चातुर्मासातील सगळ्या नियमांचे मूळ. खताच्या डब्याचे शास्त्र याहून वेगळे नाही. भाजीपाल्यात व फळांत ८० ते ९० टक्के पाणी असते. ते मुरवण्यास कोरडे द्रव्य नसेल तर डब्यात चिखल होतो, हवा संपते, दुर्गंधी सुटते आणि त्या वासावर माशी येते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ साली यशवंत वाड यांच्यासह तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. हवा आणि ओलावा यांवर सतत लक्ष, हेच त्या इंदूर पद्धतीचे मर्म होते. त्यात शेणाबरोबर लाकडाची राखही वापरीत. राख आपल्या जुन्या घरांना काही नवी नाही.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच, पावसाळ्यात दुप्पट, कोरडा थर पडला पाहिजे. त्यासाठी बाजारातून महाग भुकटी आणण्याची गरज नाही. दुकानदाराच्या घरी पुठ्ठ्याची खोकी रोज निघतात. चिकटपट्टी काढून त्यांचे बोटभर तुकडे केले की उत्तम काम भागते. वाळलेला पाला, लाकडाचा भुसाही चालतो. धान्याचा कोंडा मात्र घालू नये. तो स्वतःच किड्यांना निमंत्रण देतो. मूठभर मिश्रण दाबले असता हाताला ओल जाणवावी, पण पाणी ठिबकू नये, हे योग्य प्रमाण. साले टाकण्यापूर्वी गच्चीवर जाळीखाली दिवसभर सुकवली तर निम्मे काम तेथेच होते.

चिलटांची गोष्ट थोडी निराळी. ती बाहेरून येतात असे वाटते. पण पुष्कळदा त्यांची अंडी पिकल्या फळाच्या सालीवर आधीच असतात आणि उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत त्यांची चिलटे होतात. म्हणून फळे पिकून फुटेपर्यंत थांबूच नये आणि साल, मणी जे असेल ते वर न ठेवता चार बोटे खोल पुरून वर कोरडा थर द्यावा. बाटलीत व्हिनेगर आणि साबणाचे पाणी ठेवण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. ती उपयोगी आहे, पण ती जीव बुडवून मारण्याची युक्ती आहे, हे घरातल्यांनी समजून घ्यावे. निंबोळी पेंडही निरुपद्रवी नाही. तिच्यातील द्रव्याने अळीची वाढ खुंटते. नैसर्गिक म्हणजे अहिंसक, हा मोठाच गैरसमज आहे.

प्रत्येक अळी घरमाशीचीच असते असेही नाही. पावसाळ्यात दिसणारी जाडसर, चपटी, तपकिरी अळी बहुधा ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या काळ्या माशीची असते. ही माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही आणि जेमतेम आठवडाभर जगते. तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात आणि त्या असतील तेथे घरमाशी फारशी वाढत नाही. वाढ पूर्ण झाली की त्या स्वतःच कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. डब्याला टेकवून एक फळी मातीपर्यंत उतरती ठेवली, तर त्यांना वाट मिळते. त्यांच्यावर फिनेल ओतणाऱ्याच्या हाती पाप येतेच, शिवाय खत करणारे सूक्ष्म जीवही मरून डबा बिघडतो.

मुंग्या आल्या तर डबा फार कोरडा पडला आहे, असे समजावे. थोडा पाण्याचा हबका दिला की त्या आपोआप स्थलांतर करतात. उंदरांचे मात्र तसे नाही. तूप-तेलाचे शिजलेले अन्न, खाकऱ्याचा चुरा, मिठाई यांवर ते येतात आणि मळे जवळ असल्याने त्यांच्यामागे धामणही येते. शिजलेले अन्न डब्यात जाऊच नये. हवेची भोके बारीक तारेच्या जाळीने झाकावीत. पाव इंचाच्या फटीतूनही लहान उंदीर शिरतो. चिकट कागदाचे सापळे ही तर दीर्घ यातना आहे. ते जैन घरात दिसू नयेत.

गांडुळे विकत आणण्याचा मोह टाळलेला बरा. वैशाखात पत्र्याशेजारी तापलेल्या डब्यात ती तडफडून मरतात. तसेच फावड्याने ढवळण्यापेक्षा मधोमध भोके पाडलेली नळी उभी करावी. हवा खेळते, पात्याखाली कोणी चिरडत नाही. खताला थोडा उशीर होतो, एवढेच.

सर्वांत सोयीचे म्हणजे डब्याला चातुर्मासाशी जोडून देणे. आषाढी चौदसपूर्वी भरलेला डबा झाकून, छपराखाली ठेवून द्यावा. त्या चार महिन्यांत त्यात नवे काही घालू नये आणि ओला कचरा घंटागाडीत वेगळा द्यावा. कार्तिकात तो उघडला की मातीसारख्या वासाचे काळे खत तयार असते. निफाड तालुक्यातील कडाक्याच्या थंडीत कुजण्याची क्रिया मंदावते, म्हणून नवा डबाही त्याच सुमारास, थंडी वाढण्यापूर्वी सुरू करावा. तयार खत सकाळी सावलीत गोणपाटावर पातळ पसरावे. उजेड टाळणारे जीव तासाभरात खालच्या थरात उतरतात. वरचे खत हलक्या हाताने कुंड्यांसाठी घ्यावे आणि खाली उरलेले, त्यातील रहिवाशांसकट, लिंबाच्या नाहीतर जास्वंदीच्या बुंध्याशी ओतून यावे.