बलाढ्य पात्राला स्पर्धेत खेळू द्यावे का?

हैदराबादच्या हायटेक्स प्रदर्शन केंद्रात २८ ते ३० जून २०२४ या काळात ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या मोबाइल खेळाच्या राष्ट्रीय मालिकेची अंतिम फेरी रंगली. एकूण बक्षीस दोन कोटी रुपयांचे होते. प्रत्येकी चार खेळाडूंचे सोळा संघ उतरले होते आणि ‘टीम एक्सस्पार्क’ने विजेतेपद पटकावले. पडद्यावरच्या चौसष्ट योद्ध्यांचे पोशाख वेगवेगळे असले, तरी त्यांचे बळ सारखे होते. बंदूक, चिलखत, मलमपट्टी हे सारे ज्याने त्याने मैदानात शोधायचे. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे पात्र आपल्यापेक्षा बलवान होते, अशी तक्रार हरलेल्या संघाला करता आली नाही.

ई-स्पोर्ट्समधील सगळे खेळ असे समतल नाहीत. ‘स्ट्रीट फायटर’, ‘टेकन’, ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’, ‘डोटा’ या खेळांत प्रत्येक पात्राची चाल, वेग, पल्ला आणि विशेष शक्ती भिन्न असते. या भिन्नतेतच त्यांची गोडी आहे. मात्र पात्रे भिन्न असली की त्यांतले एखादे वरचढ ठरणारच. ते किती वरचढ ठरले म्हणजे त्याला स्पर्धेबाहेर काढावे, हा वाद गेली तीस वर्षे चालू आहे. आता भारतातही लाखोंची बक्षिसे लागत असल्याने तो आपल्या दारी येऊन ठेपला आहे.

केवळ बळ हा दोष मानता येत नाही, हे बुद्धिबळाच्या पटावर सहज दिसते. प्राचीन चतुरंगातला मंत्री तिरका एकच घर सरकत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आठही दिशांना हवे तितके धावण्याची मुभा मिळाली आणि आजचा वजीर जन्मला. खेळ त्यामुळे बिघडला नाही, उलट वेगवान झाला, कारण तो वजीर दोन्ही बाजूंना मिळाला. २००२ मध्ये हैदराबादेत विश्वनाथन आनंदने विश्वचषक जिंकला, २०२५ मध्ये हीच स्पर्धा गोव्यात झाली. वजीर फार बलवान आहे, अशी हरकत दोन्हीकडे कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. बलाढ्य पात्राचे समर्थक नेमका हाच युक्तिवाद करतात. पात्र सर्वांना खुले आहे, तुम्हीही ते निवडा.

या युक्तिवादातली त्रुटी अकुमाच्या प्रकरणाने उघडी पडली. १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ या आर्केड यंत्रावरील खेळात अकुमा हे गुप्त पात्र होते. विशिष्ट क्रमाने कळा दाबल्या की ते निवडता येई. तो उडी मारून हवेतून खाली आगीचा गोळा फेकत असे आणि या माऱ्याला समर्पक उत्तर बाकीच्या पात्रांजवळ नव्हते. सर्वांनी अकुमाच निवडला असता तर स्पर्धा समान झाली असती, हे खरे. पण मग उरलेल्या पात्रांना अर्थच राहिला नसता. अमेरिकेतील आयोजकांनी त्याच्यावर सरळ बंदी घातली. जपानमध्ये लेखी नियम नसतानाही चांगले खेळाडू त्याला हात लावत नसत. त्याच खेळातल्या जुन्या सगात या पात्राबाबत मात्र दोन्ही देशांचे मत जुळले नाही. जपानी खेळाडू संकेत म्हणून त्याला टाळत, तर अमेरिकेत तो बिनदिक्कत खेळला जाई. जुना सगात भक्कम होता, तरी तो खेळ मोडत नव्हता. स्ट्रीट फायटरचे स्पर्धक राहिलेले खेळरचनाकार डेव्हिड सर्लिन यांनी यावरून बंदीसाठी तीन कसोट्या मांडल्या : बंदी अमलात आणता यावी, ती नेमकी आणि स्पष्ट असावी आणि तिची खरोखर गरज असावी. पहिल्या दोन कसोट्यांना पात्रावरची बंदी सहज उतरते, कारण निवडलेले पात्र पंचाला डोळ्यांनी दिसते. खरा तंटा तिसऱ्या कसोटीवर होतो.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मेटा नाइट. २००८ साली आलेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ या खेळातले हे छोटेसे मुखवटाधारी पात्र जवळजवळ कोणासमोरच कमी पडत नसे. आरंभी आयोजकांनी मधला मार्ग काढला. झगा पांघरून अनिश्चित काळ अदृश्य राहण्याच्या त्याच्या युक्तीवर बंदी आली आणि मंचाच्या कडेला किती वेळा लटकायचे यावर मर्यादा घालण्यात आली. तरीही निकालपत्रकांच्या माथ्यावर त्याचेच नाव झळकत राहिले. अखेर २०११ च्या उत्तरार्धात अमेरिकेतील प्रमुख आयोजकांच्या नियम समितीने २०१२ पासून त्याला स्पर्धेतून वगळण्याचे जाहीर केले.

पुढे जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. जानेवारी २०१२ मध्ये न्यू जर्सीतील ‘एपेक्स’ या मोठ्या स्पर्धेत मेटा नाइटला मुभा होती आणि जपानच्या ओतोरी या खेळाडूने त्याच पात्रासह ती जिंकली. सर्व आयोजकांनी बंदी स्वीकारली नाही. एका शहरात जे पात्र वर्ज्य, ते दुसऱ्या शहरात विजेते, अशी अवस्था झाली. त्याच वर्षी समिती विसर्जित झाली आणि बंदीही विरून गेली. ज्यांनी चार वर्षे त्या पात्राचा सराव केला होता, त्यांना मधल्या काळात आपले कष्ट वाया गेल्यासारखे वाटले असतील. ज्यांनी त्याच्याविरुद्ध चार वर्षे डोके आपटले होते, त्यांचा हिरमोड नंतर झाला. बंदी योग्य होती की अयोग्य, यावर आजही दोन मते आहेत. ती अर्धवट अमलात आली, हे मात्र निर्विवाद.

आता खेळनिर्मात्या कंपन्या इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवू शकत असल्याने चित्र बदलले आहे. ‘टेकन ७’ मध्ये डिसेंबर २०१९ ला लेरॉय स्मिथ दाखल झाला. जानेवारी २०२० च्या ‘इव्हो जपान’ स्पर्धेत शेवटच्या आठांपैकी सहा जणांनी त्यालाच निवडले होते. थायलंडचा ‘बुक’ त्याच पात्राने विजेता झाला. बंदी न घालता कंपनीने लेरॉयचे बळ नंतर छाटले. हैदराबादेत ‘ड्रीमहॅक’ हा गेमिंग महोत्सव भरवणाऱ्या नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीने २०२५ मध्ये इव्होमध्ये हिस्सा घेतला, त्यामुळे असे प्रश्न आता भारतीय आयोजकांच्याही टेबलावर येणार. दुरुस्तीला वेळ लागतो, स्पर्धेची तारीख मात्र थांबत नाही. नवे पात्र काही आठवडे स्पर्धेबाहेर ठेवण्याची पद्धत अनेक खेळांत रूढ आहे, ती यासाठीच. ‘डोटा २’ मध्ये तर सामन्यापूर्वी दोन्ही संघ आळीपाळीने काही पात्रे बाद करतात, म्हणजे बंदी हाच डावपेचाचा भाग होतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताने कांस्य मिळवले ते याच खेळात.

भारतात या वादाला आणखी एक पदर आहे, तो पैशाचा. ‘फ्री फायर’ हा खेळ आपल्याकडे गावागावांत पोहोचला. ब्राझीलचा संगीतकार अलोक याच्या नावाचे त्यातले पात्र भोवतालच्या साथीदारांची तब्येत सुधारते आणि वेग वाढवते. ते मिळवण्याचा हमखास मार्ग म्हणजे खेळातले ‘हिरे’, आणि हिरे खऱ्या रुपयांनी विकत मिळतात. इथे वजिराचा दाखला लंगडा पडतो. पटावर दोघांकडे वजीर असतो. इथे ज्याच्या वडिलांनी पैसे दिले त्याच्याकडेच तो असतो. मूळ फ्री फायरवर केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली ती सुरक्षेच्या कारणास्तव. विकत मिळणाऱ्या बळाचा प्रश्न तिने सुटला नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हा मुद्दा किरकोळ नाही. रमी हा कौशल्याचा खेळ की जुगार, हा तंटा साठच्या दशकात सिकंदराबादच्या एका क्लबातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैशांच्या खेळांना मनाई करतो आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देतो, पण निकाल केवळ चपळाई, बुद्धी, डावपेच अशा कौशल्यांवर ठरावा, ही त्याची अट आहे. विकत घेतलेल्या पात्राने निकाल फिरत असेल, तर ती स्पर्धा या व्याख्येत किती बसते, असा प्रश्न उद्या कोणी विचारू शकेल.

अशा पात्रावर बंदी घालण्याआधी आयोजकांच्या हाती सोपा उपाय आहे. स्पर्धेसाठी वेगळी खाती द्यावीत आणि त्यांत सर्व पात्रे सर्वांना खुली ठेवावीत. त्यानंतरही निम्म्याहून अधिक स्पर्धक एकाच पात्रामागे लपत असतील आणि त्याला उतारा सापडत नसेल, तर बंदी जरूर घालावी. एक-दोन स्पर्धांच्या निकालावरून मात्र घाई नको, कारण लोक उतारा शोधायला वेळ घेतात. निर्णय नोंदणीपूर्वी छापील नियमांत यावा, तो किती महिन्यांसाठी आहे हेही लिहिलेले असावे आणि एका साखळीतल्या सर्व शहरांत तो एकच असावा. पणजीतल्या महाविद्यालयीन स्पर्धेत एक नियम आणि हैदराबादच्या अंतिम फेरीत दुसरा, असे झाले तर पात्रता फेरीत जिंकलेला मुलगा तेथे पोहोचून नव्याने पात्र निवडत बसेल.