व्यावसायिक कबड्डी : खेळाडूचे मोल आणि खेळाडूचा अधिकार

प्रस्तावना

मालवण किनारपट्टीसह संपूर्ण कोकणात कबड्डी हा गावोगावच्या मैदानांवरचा खेळ आहे. येथील गुणी खेळाडूचे उद्दिष्ट दीर्घकाळ ठरलेले होते : जिल्हा व राज्य संघात निवड आणि त्या बळावर रेल्वे, पोलीस दल किंवा सार्वजनिक कंपनीत नोकरी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळ हेच उपजीविकेचे साधन होऊ लागले. मात्र मानधन वाढले म्हणजे स्वतःच्या कारकिर्दीवरील खेळाडूचा अधिकारही वाढला काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लिलावातील मोल

२०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमार यास मिळालेली १२.८० लाख रुपयांची बोली सर्वोच्च होती. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा चढाईपटू सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६.४० लाखांना यू मुंबाकडे, तर २०१९ मध्ये १.४५ कोटींना तेलुगू टायटन्सकडे गेला. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २.६०५ कोटींवर पोहोचली. त्या वर्षी प्रत्येक संघाची खर्चमर्यादा ५ कोटी होती. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एकाच खेळाडूवर खर्च झाली.

तथापि लिलावात खेळाडू संघ निवडत नाही. सर्वाधिक बोली लावणारा संघ खेळाडूस निवडतो. शिवाय अंतिम बोलीइतकी रक्कम देऊन जुना संघ आपला खेळाडू परत घेऊ शकतो. मोल खेळाडूचे वाढते, निर्णय मात्र संघमालकांच्या हाती राहतो.

बास्केटबॉलचा अनुभव

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही पूर्वी करार संपल्यावर खेळाडू जुन्या संघाशीच बांधलेला राहत असे. १९५४ मध्ये तेथे खेळाडूंची संघटना स्थापन झाली. १९७० मध्ये तिचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल झाला व १९७६ मध्ये तडजोड झाली. १९८८ पासून ठरावीक सेवाकाळ पूर्ण केलेल्या खेळाडूस करार संपताच संघ निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य मिळाले. लेब्रॉन जेम्स २०१० मध्ये स्वेच्छेने क्लीव्हलँड सोडून मायामीकडे गेला, तो याच हक्काच्या आधारे. अशा रीतीने एका नामांकित खेळाडूच्या सामर्थ्यामागे अनेकांचा सामूहिक लढा उभा होता.

समारोप

कबड्डीपटूची कारकीर्द अल्पकाळाची असते. एखादी दुखापतही ती संपवू शकते. अशा वेळी कोठे, कोणासाठी व किती काळ खेळावे, हे ठरविण्याचा अधिकार पैशाइतकाच मोलाचा ठरतो. बाजार खेळाडूस किंमत देतो. हा अधिकार मात्र करार, कायदा व संघटन यांतूनच प्राप्त होतो. महाविद्यालयीन क्रीडा विभागांनी विद्यार्थ्यांना चढाई व पकडीबरोबरच करार वाचण्यासही शिकवावे, असे या विवेचनावरून सुचविता येते.