खाड्यांतून चालणारी आगबोट

आमच्या रायगड जिल्ह्याचा, म्हणजे 1981 पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा, नकाशा पुढें घेऊन पाहिला असतां एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानांत येईल. समुद्र येथें ठिकठिकाणीं जमिनींत शिरलेला आहे. उत्तरेस अंबा नदीची धरमतरची खाडी, तिच्या दक्षिणेस कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, पुढें जंजिऱ्याजवळ राजपुरीची खाडी, आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर सावित्रीची बाणकोटची खाडी. पायीं जाणारास ह्या चारी खाड्या आडव्या येतात; परंतु बोटीनें जाणारास त्याच खाड्या गांवच्या वेशीपर्यंत नेणारे रस्ते होत. ह्या रस्त्यांवरून आगबोट कशी चालली व तिच्या इतिहासापासून कोणता धडा घ्यावा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम वाफेनें कोणती अडचण दूर केली तें पाहूं. शिडाच्या गलबतास वारा पाहिजे, आणि नदींत तर वाऱ्याखेरीज ओघाशींही झगडावें लागतें. अमेरिकेंतील मिसिसिपी नदीवर माल घेऊन खालीं उतरणें सोपें होतें. परंतु वर परतणें इतकें कष्टाचें कीं, कित्येक नावाडी आपले तराफे खालच्या शहरांत लांकडाच्या भावानें विकून पायीं घरीं जात. 1807 सालीं रॉबर्ट फुल्टन ह्यानें हडसन नदीवर न्यूयॉर्कपासून आल्बनीपर्यंतचा सुमारें 150 मैलांचा प्रवास आगबोटीनें 32 तासांत, ओघाविरुद्ध केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मिसिसिपीवरही आगबोटी फिरूं लागल्या. आमची मुंबईही फार मागें राहिली नाहीं. येथील गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1830 सालीं सुएझपर्यंत जाऊन आली.

परंतु मिसिसिपी व आमच्या खाड्या ह्यांत मोठा भेद आहे. तेथील पाणी सदा एकाच दिशेनें वाहतें. येथें भरतीबरोबर तें आंत येतें व ओहोटीबरोबर बाहेर जातें. दिवसांतून बहुधा दोन वेळां भरती येते, आणि तिची वेळ रोज सुमारें 50 मिनिटें पुढें सरकते. म्हणून खाडींत वरपर्यंत जाणाऱ्या बोटीस घड्याळाइतकेंच तिथीकडेही लक्ष द्यावें लागे. ओहोटींत गाळावर रुतलेली बोट पुढील भरतीखेरीज सहसा हालत नाहीं, मग तिचें यंत्र कितीही बलवान असो. पाणी किती वांव आहे हें जाणणारा तांडेल ह्यामुळेंच मोलाचा. प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन हा तरुणपणीं मिसिसिपीवर आगबोटीचा वाटाड्या होता. त्यानें घेतलेल्या टोपणनांवाचा अर्थही ‘दोन वांव पाणी’ असाच आहे!

ह्या जलमार्गानें केवळ तांदूळ, नारळ व चाकरमानी नेले असें नव्हे. 24 डिसेंबर 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनें निघाले. हरिहरेश्वरावरून सावित्रीच्या खाडीनें ते दुसऱ्या दिवशीं दासगांव बंदरास उतरले आणि तेथून महाडच्या परिषदेस गेले. ज्या महाडांत माणसांस तळ्याचें पाणी नाकारलें जात होतें, तेथें समतेचा पुकारा करणारे लोक पाण्याच्याच वाटेनें आले, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आतां ह्या प्रवासाची दुसरी बाजू. अमेरिकेंत आगबोटींच्या तपासणीचा कडक कायदा 1852 सालींच झाला होता. तरीही 27 एप्रिल 1865 रोजीं मेंफिस शहराजवळ ‘सुलताना’ बोटीचा बॉयलर फुटला. तिला 376 उतारूंची परवानगी होती. तिच्यावर दोन हजारांहून अधिक माणसें होतीं, आणि नादुरुस्त बॉयलर नीट न बदलतां घाईनें ठिगळ लावून चालविला होता. 1,100 हून अधिक जीव गेले.

आमच्या किनाऱ्यावर 17 जुलै 1947 रोजीं असाच घाला पडला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यांत, खवळलेल्या समुद्रांत, काशाच्या खडकाजवळ उलटली व 600 हून अधिक उतारू बुडाले. लाटेच्या तडाख्यानें बोट कलतांच भयभीत उतारू एका बाजूस धांवले, असें तिची हकीकत सांगते. असें कां घडतें? बोटीचा तोल तिच्यावरील भाराच्या जागेवर अवलंबून असतो. शेंकडों माणसें एकदम एका अंगास गेलीं, कीं तो भारच तिला आडवी करतो. त्या दिवशीं जे वांचले त्यांतील कित्येकांस मासळी घेऊन मुंबईस निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनीं पाण्यांतून उचललें. आपल्या मालाची पर्वा न करतां त्यांनीं माणसें मचव्यांत घेतलीं, हें त्यांचें थोरपण होय.

पुढें रस्ते व पूल झाले आणि जुन्या आगबोटी गेल्या. तथापि जलमार्ग बंद पडला नाहीं. 2020 सालीं भाऊचा धक्का व मांडवा ह्यांमध्यें मोटारींसह उतारू नेणारी मोठी बोट सुरू झाली. यंत्रें सुधारलीं, पण समुद्र तोच आहे. कायदा कागदावर असून भागत नाहीं; तो मालकानें, तांडेलानें आणि उतारूनेंही पाळावा लागतो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस इतकेंच सांगणें आहे: भरलेल्या बोटींत घाईनें चढूं नका, जीवरक्षक जाकीट मिळेल तें अंगावर घाला, बोट कललीच तर जागा सोडून धांवूं नका, आणि तांडेल ‘आज समुद्र बरा नाहीं’ म्हणाला, तर त्याचा शब्द मानून घरीं परता.