‘पुरे’ म्हणणारा हात

माझ्या मराठीच्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता. नाव सांगत नाही. बसच्या वाटेवरील गावे तो न चुकता म्हणे: पोर्ट लुई, बो बासें, रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा, क्युरपीप. तेच वीस वेळा म्हणे. पण माझ्याकडे कधी बघत नसे. मी हनुवटी धरून म्हणे, “इकडे बघ!” मग तो स्वतःचा हात चावे. मला तो हट्टीपणा वाटला आणि मी त्याला मागच्या बाकावर बसविले. प्रशिक्षणात बालमानसशास्त्र शिकूनही मी असे वागलो.

पुढे रक्ततपासणीत आजार कळला: फ्रॅजाइल एक्स. ब्रिटनमध्ये मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी १९४३ साली एकाच कुटुंबातील अशा अनेक पुरुषांचे वर्णन केले होते. कारण मात्र १९९१ साली सापडले. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात, बहुतेकांत तीसच्या आसपास. ती २०० च्या वर गेली की जनुक बंद पडते आणि एक प्रथिन तयार होत नाही. मुलांना हा त्रास मुलींपेक्षा जास्त होतो, कारण मुलीजवळ दुसरे एक्स असते. नजर चुकविणे, हात चावणे, गोंगाट सहन न होणे ही याची नेहमीची लक्षणे. म्हणजे मी ज्याला हट्ट म्हणत होतो, तो आजार होता.

त्या प्रथिनाचे काम काय? आपल्या लग्नातील पंगत आठवा. यजमान ओरडतो, “वाढा, वाढा!” वाढपी वाढत सुटतो. पाहुणा पानावर हात आडवा धरतो, “पुरे!” मेंदूतील पेशींच्या सांध्यावर ग्लुटामेट नावाचे रसायन येते, आणि ते ओळखणारे रिसेप्टर तेथे बसलेले असतात. त्यातील पाचव्या क्रमांकाचा एक रिसेप्टर हा ‘वाढा’ म्हणणारा यजमान. त्याच्या हाकेवर पेशी नवी प्रथिने बनविते. हरवलेले प्रथिन म्हणजे ‘पुरे’ म्हणणारा हात. हात नाही, म्हणून पान उतू जाते आणि सांधे नीट घडत नाहीत. २००४ साली अमेरिकेतील मार्क बेअर, किंबर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन यांनी हा विचार मांडला.

हात परत आणता येत नसेल, तर यजमानाला जरा गप्प करावे! २००७ साली बेअर यांच्या प्रयोगशाळेत आजारी उंदरांमध्ये हा रिसेप्टर निम्मा केला, आणि त्यांची बरीच लक्षणे सुधारली. स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिस व रोश या कंपन्यांनी रिसेप्टर दाबणारी औषधे माणसांना देऊन पाहिली. २०१४ साली उत्तर आले: औषधाची गोळी आणि औषध नसलेली गोळी यांच्या परिणामांत फरक नाही. किती घरांच्या आशा त्या दिवशी मालवल्या असतील!

असे का झाले? कोणी म्हणतात, उपचार उशिरा, मुले मोठी झाल्यावर सुरू झाला. कोणी म्हणतात, सुधारणा मोजण्याची मापेच कच्ची होती. पण मुळात जिवंत माणसाच्या मेंदूत हे रिसेप्टर किती आहेत, हे तरी कोणी मोजले होते? त्यासाठी पेट नावाची तपासणी लागते. रिसेप्टरला चिकटणारे, किंचित किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात व यंत्र त्याची जागा टिपते. जेथे द्रव्य जास्त, तेथे रिसेप्टर जास्त. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी असे मोजले, आणि २०२० साली प्रसिद्ध केले की फ्रॅजाइल एक्सच्या पुरुषांत हे रिसेप्टर इतरांपेक्षा कमीच आढळले. तपासलेली माणसे थोडी होती, तेव्हा घाईने अर्थ काढू नये. तरी माझ्या मनात येते, यजमानाचा आवाज आधीच बसलेला असेल, तर त्याला आणखी दाबून काय मिळणार? आधी मोजावे, मग औषध द्यावे, हे शिक्षकालाही कळते. पण यंत्रात बराच वेळ निश्चल पडून राहायचे असते, आणि ज्या मुलाला खुर्चीवर पाच मिनिटे बसवत नाही त्याला तेथे कसे झोपविणार? संशोधन हळू चालते याचे हेही एक कारण.

मुळावर घाव घालणारे औषध अजून नाही. वाचा-उपचार, शांत जागा, ठरलेला दिनक्रम यांचा उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र घरोघरी सांगायला हवी. मुलाला एक्स आईकडून मिळते, म्हणून लोक सुनेला बोल लावतात. पण अक्षरांची थोडी वाढ तिला पुष्कळदा तिच्या धडधाकट वडिलांकडून आलेली असते, आणि ती कोणी मागून घेतलेली नसते.

त्या मुलाच्या आईने मला विचारले होते, “गुरुजी, औषध कधी येईल?” मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पुढच्या बाकावर आणले आणि समोर उभे न राहता शेजारी बसलो. दोघेही पुस्तकाकडे बघत होतो. मी बसच्या वाटेवरील गावे देवनागरीत लिहिली. ‘वाक्वा’पर्यंत त्याने बोट ठेवून वाचली. ‘क्युरपीप’ लिहायच्या आधीच त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली.